एक स्कूल बोर्ड सदस्या, तीन निवडणुका आणि काउंटीची मतदार माहिती पुस्तिका

कॅलिफोर्नियात सम वर्षातील नोव्हेंबरच्या निवडणुकीआधी मतदाराच्या घरी दोन पुस्तिका टपालाने येतात. एक राज्याच्या सेक्रेटरी ऑफ स्टेट (राज्याच्या निवडणुकांचा प्रमुख अधिकारी) कार्यालयाची असते, तिच्यात मतदानाला ठेवलेल्या राज्यव्यापी प्रस्तावांची माहिती असते आणि तिच्यावर वर्तमानपत्रांतून पुष्कळ चर्चाही होते. दुसरी पुस्तिका काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्यासारख्या प्रशासकीय विभागाच्या, निवडणूक कार्यालयाची. साध्या कागदावर छापलेली ही पुस्तिका बऱ्याच घरांत न उघडताच रद्दीत जाते. परंतु ज्या लोकांच्या हाती आपल्या मुलांची शाळा असते, त्या स्कूल बोर्डाच्या उमेदवारांची माहिती राज्याच्या पुस्तिकेत नसते, ती या दुसऱ्या पुस्तिकेतच असते. गेली अनेक वर्षे मी ही सेवा मतदार म्हणून वापरत आले आहे, तिच्या २०१६, २०२० आणि २०२४ च्या प्रती जपून ठेवल्या आहेत, आणि त्यांच्या आधारे एकाच प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा येथे प्रयत्न केला आहे: आपल्या भागातील एखाद्या स्कूल बोर्ड सदस्याची कारकीर्द या पुस्तिकेतून मतदाराला कितपत कळते?

त्यासाठी मी एका सदस्येच्या तीन निवडणुका डोळ्यांसमोर ठेवल्या आहेत. त्यांचे नाव, आमचा स्कूल डिस्ट्रिक्ट (एका स्कूल बोर्डाच्या अखत्यारीतील शाळांचा प्रदेश) आणि आमची काउंटी यांचा उल्लेख मी जाणूनबुजून टाळला आहे, कारण येथे परीक्षण पुस्तिकेचे आहे. त्या सदस्येविषयी माझ्या मनात आदर आहे, काही निर्णयांबद्दल तीव्र मतभेदही आहेत, परंतु त्यांचा हिशेब करण्याची ही जागा नाही.

ज्यांची मुले आता कुठे शाळेत जाऊ लागली आहेत, अशा वाचकांसाठी थोडी पार्श्वभूमी सांगणे आवश्यक आहे. येथील स्कूल बोर्ड म्हणजे आपल्याकडच्या पूर्वीच्या महापालिका शिक्षण मंडळासारखी, नगरसेवकांनी नेमलेली समिती नव्हे. बोर्डाचे सदस्य, ज्यांना ट्रस्टी असेही म्हणतात, मतदारांकडून थेट चार वर्षांसाठी निवडले जातात. उमेदवाराचे वय अठरा पूर्ण असावे, तो डिस्ट्रिक्टमध्ये राहणारा आणि नोंदणीकृत मतदार असावा, एवढ्याच मुख्य अटी आहेत. त्याच डिस्ट्रिक्टचा नोकर मात्र आपली नोकरी सोडल्याशिवाय बोर्डावर बसू शकत नाही. राज्यघटनेनुसार ही निवडणूक पक्षविरहित असते. निवडून आलेल्या या मोजक्या लोकांच्या हातात सुपरिंटेंडंटची, म्हणजे डिस्ट्रिक्टच्या मुख्य प्रशासकाची, नेमणूक, शिक्षक संघटनेशी होणारा वेतनकरार, वार्षिक अंदाजपत्रक, शाळांच्या हद्दी आणि प्रसंगी एखादी शाळा बंद करण्याचा निर्णय असतो. २०१३ मध्ये राज्याने निधीवाटपाची पद्धत बदलली, इंग्रजी शिकणाऱ्या आणि अल्प उत्पन्न गटातील मुलांसाठी जादा निधी देऊन तो कसा खर्च करायचा हे बरेचसे स्थानिक बोर्डावर सोपवले, तेव्हापासून तर या पदाचे वजन आणखी वाढले आहे. आपली माणसे शाळांचे गुणांकन पाहून घर घेतात, पण त्या शाळा चालवणाऱ्या बोर्डातल्या एकाचेही नाव त्यांना ठाऊक नसते, हे मी कितीतरी घरांत पाहिले आहे आणि दहा वर्षांपूर्वीपर्यंत माझ्या घरातही तीच स्थिती होती.

आता पुस्तिकेकडे वळते. स्कूल बोर्डाच्या उमेदवारासंबंधी तिच्यात दोन गोष्टी मिळतात. पहिली म्हणजे नमुना मतपत्रिकेवरील नाव आणि नावाखालचे व्यवसायवर्णन. दुसरी म्हणजे उमेदवाराने स्वतः लिहिलेले निवेदन. दोन्हींना निवडणूक कायद्याची घट्ट चौकट आहे आणि ती चौकट समजल्याशिवाय ही पाने वाचली तर मतदाराची फसगत होण्याचा संभव असतो.

व्यवसायवर्णन जास्तीत जास्त तीन शब्दांचे असावे लागते आणि ते उमेदवाराच्या सध्याच्या किंवा अर्ज भरण्याच्या आधीच्या वर्षातील मुख्य व्यवसायाचे असावे लागते. 'ख्यातनाम', 'तज्ज्ञ', 'अग्रगण्य' असे स्वतःचे मोल वाढवणारे शब्द कायद्याला चालत नाहीत, 'माजी' हा शब्दही चालत नाही, 'निवृत्त' मात्र अटींसह चालतो. निवडून आलेल्या पदाचा उल्लेख करायचा असेल तर तीन शब्दांचे बंधन शिथिल होते. तीन शब्दांच्या या ओळीसाठी उमेदवार कायदेशीर सल्ला घेतात, एकमेकांच्या वर्णनाला न्यायालयात आव्हान देतात, आणि ते स्वाभाविकच आहे, कारण बोर्डाच्या निवडणुकीत असंख्य मतदार मतपत्रिका भरताना केवळ तेवढेच वाचतात. नावांचा क्रमसुद्धा आडनावाच्या साध्या वर्णानुक्रमाने लागत नाही. निवडणुकीच्या ८२ दिवस आधी सेक्रेटरी ऑफ स्टेट कार्यालय इंग्रजी वर्णमालेतील अक्षरांची सोडत काढते आणि त्या यादृच्छिक क्रमाने नावे छापली जातात. ही व्यवस्था मला फार न्याय्य वाटते. आडनाव 'अ'ने सुरू होते म्हणून कुणी कायमचा पहिला राहू नये, याची इतकी काळजी घेतलेली पाहून या यंत्रणेविषयी विश्वास वाढतो.

निवेदन दोनशे शब्दांचे असते, बोर्डाने आधी ठरवले असल्यास चारशेपर्यंत. त्यात वय, व्यवसाय, शिक्षण आणि पात्रता यांचे वर्णन उमेदवाराने स्वतःच्या शब्दांत करायचे असते. पक्षाचे नाव किंवा पक्षीय संघटनेतील कार्य लिहिता येत नाही आणि दुसऱ्या उमेदवाराचा कोणत्याही प्रकारे उल्लेख करता येत नाही. म्हणजे चारित्र्यहनन, टोमणे, तुलना यांना येथे जागाच नाही. एरवी निवडणुकीच्या काळात दारात येऊन पडणाऱ्या कागदांच्या तुलनेत ही पाने वाचताना मनाला स्वस्थता लाभते, ती या नियमामुळे. निवेदने दाखल झाल्यावर दहा दिवस ती सर्वांना पाहण्यासाठी खुली असतात. त्या मुदतीत एखाद्या मतदाराला त्यातला मजकूर खोटा किंवा दिशाभूल करणारा आहे असे वाटले, तर तो न्यायालयाकडे दाद मागू शकतो. मात्र ही संधी मतदाराने स्वतः साधायची असते, निवडणूक कार्यालय मजकुराची सत्यता तपासत नाही. निवेदन जसे आले तसे, शुद्धलेखनाच्या चुकांसह, छापले जाते. पुस्तिकेच्या सुरुवातीला तसे स्पष्ट म्हटलेले असते, पण ती ओळ इतक्या बारीक अक्षरांत असते की अनेक वाचक या पानांना सरकारी माहिती समजतात. पुस्तिकेची मांडणी करणाऱ्यांनी ही ओळ प्रत्येक निवेदनाच्या माथ्यावर ठळक छापावी, असे मला मनापासून वाटते.

त्याहून गंभीर बाब शुल्काची आहे. निवेदनाच्या छपाईचा, भाषांतराचा आणि टपालाचा खर्च उमेदवाराकडून घेतला जाऊ शकतो. मतदारसंख्येनुसार तो काहीशे डॉलर किंवा काही हजार डॉलरही असतो. आगाऊ रक्कम भरण्याची ऐपत नसल्याचे लिहून देण्याची सोय कायद्यात आहे, पण तिची माहिती फार थोड्यांना असते आणि ज्यांना असते त्यांना ती मागताना संकोच वाटतो. २०२२ मध्ये डिस्ट्रिक्टच्या आमच्या विभागात दोन उमेदवार उभे होते, त्यांपैकी एकाचेच निवेदन पुस्तिकेत होते. दुसरे उमेदवार एका मिडल स्कूलमधील मुलाचे वडील होते, बोर्डाच्या सभांना नियमित येत, अंदाजपत्रकावर नेमके प्रश्न विचारत. पुस्तिकेत मात्र त्यांच्या वाट्याला नमुना मतपत्रिकेवरची एक ओळ आली. त्यांना निवेदन द्यायचे नव्हते की परवडले नाही, हे पुस्तिका वाचणाऱ्याला कळण्याचा मार्ग नव्हता. वाचणाऱ्याचा समज असा होतो की या माणसाला सांगण्यासारखे काही नाही. मतदाराला माहिती देण्याची सेवा ज्याच्याविषयी माहिती द्यायची त्याच्या खिशावर अवलंबून ठेवणे हा या पुस्तिकेचा सर्वांत मोठा दोष आहे.

आता त्या सदस्येच्या तीन निवडणुकांकडे पाहू.

२०१६ मध्ये निवडणूक संपूर्ण डिस्ट्रिक्टची एकत्र होत असे, त्यामुळे सर्व उमेदवारांची निवेदने माझ्या प्रतीत होती. त्या सदस्येच्या नावाखाली 'नियुक्त विद्यमान सदस्य' असे वर्णन होते. त्यांतल्या 'नियुक्त' या शब्दाकडे मी त्या वेळी लक्ष दिले नव्हते. पुढे चौकशी केल्यावर समजले की बोर्डाची जागा मुदतीच्या मध्ये रिकामी झाली तर उरलेले सदस्य साठ दिवसांत एक तर तात्पुरती नेमणूक करतात किंवा निवडणूक जाहीर करतात. नेमणूक झाल्यावर तीस दिवसांत नोंदणीकृत मतदारांपैकी दीड टक्का लोकांच्या सह्यांचा अर्ज आला तर ती नेमणूक रद्द होऊन विशेष निवडणूक घ्यावी लागते. आमच्याकडे तसा अर्ज आला नव्हता. अशा रीतीने बोर्डावर आलेल्या उमेदवाराला नुसते 'विद्यमान सदस्य' लिहिण्यास कायदा मनाई करतो, 'नियुक्त' हा शब्द जोडणे बंधनकारक असते. पुस्तिकेने तो छापला, म्हणजे आपले काम चोख केले. परंतु त्या शब्दाचा अर्थ सांगणारी तळटीप कुठेच नव्हती. या जागेसाठी किती जणांनी अर्ज केले होते, मुलाखतीत काय विचारले गेले, कोणत्या सदस्यांनी त्यांच्या बाजूने मत दिले, हे सारे बोर्डाच्या इतिवृत्तात नोंदलेले होते आणि कुणालाही वाचता आले असते. पुस्तिकेत तिकडे बोट दाखवणारी एक ओळ असती, तर माझ्यासारख्या मतदाराला पुष्कळ आधी जाग आली असती.

त्यांचे २०१६ चे निवेदन मात्र वाचनीय होते. शाळेच्या ग्रंथालयात स्वयंसेवक म्हणून केलेले काम, पालक संघटनेचे खजिनदारपद, अंदाजपत्रक समजून घेण्याची आवड, हे त्यांनी साध्या वाक्यांत लिहिले होते. मी त्यांना मत दिले ते त्या दोनशे शब्दांच्या भरवशावर आणि त्याचा मला पश्चात्ताप नाही.

२०२० च्या पुस्तिकेत त्यांचे नाव कुठेही नाही. या प्रतीपाशी मला अधिक थांबावेसे वाटते, कारण या सेवेची मर्यादा तिच्या रिकाम्या जागेत सर्वांत स्पष्ट दिसते. दोन निवडणुकांच्या मध्ये आमच्या डिस्ट्रिक्टने एकत्र निवडणुकीची पद्धत सोडून विभागवार निवडणूक स्वीकारली होती. २००१ च्या कॅलिफोर्निया मतदान हक्क कायद्यानुसार एकत्र निवडणुकीत अल्पसंख्य समाजाच्या मतांचा प्रभाव पुसला जातो असे सिद्ध झाले तर डिस्ट्रिक्टला न्यायालयात खेचता येते, आणि असा खटला हरल्यास वकिलांचा खर्चही भरावा लागतो. त्यामुळे राज्यातील शेकडो डिस्ट्रिक्टनी विभाग आखले. त्या सदस्येच्या विभागातून २०२० मध्ये केवळ त्यांचाच अर्ज आला. जागांपेक्षा उमेदवार जास्त नसतील तर तेथे मतदान होत नाही, उमेदवाराला निवडणुकीऐवजी नियुक्त केले जाते, आणि मतपत्रिकेवर नाव न आल्यामुळे निवेदनही छापले जात नाही.

ते वर्ष कोणते होते याचा विचार करावा. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या होत्या, मुले घरी संगणकापुढे बसली होती, शाळा पुन्हा केव्हा आणि कशा उघडायच्या यावर बोर्डाच्या सभा मध्यरात्रीपर्यंत चालत होत्या आणि त्या सभांत सर्वांत ठाम भूमिका घेणाऱ्यांपैकी त्या एक होत्या. साथीमुळे त्या वर्षी राज्यातील प्रत्येक सक्रिय मतदाराला टपाली मतपत्रिका पाठवण्यात आली. मतदान करणे इतके सोपे पूर्वी कधी झाले नव्हते, पालकांना बोर्डाविषयी इतके कुतूहल पूर्वी कधी वाटले नव्हते, आणि नेमक्या त्याच वेळी त्या सदस्येविषयी पुस्तिकेत एक अक्षरही नव्हते. अमुक विभागात एकच उमेदवार असल्याने मतदान होणार नाही आणि अमुक व्यक्ती पुढील चार वर्षे सदस्य राहील, एवढी एक ओळ छापायला किती कागद लागतो? मतदान नाही म्हणून मजकूर नाही, हा नियम छपाईच्या हिशेबाने बरोबर असेल, मतदाराच्या दृष्टीने तो मोठी उणीव ठेवतो. चार वर्षांसाठी आपला प्रतिनिधी कोण, ही माहिती मतदान होवो अथवा न होवो, मतदाराला मिळायलाच हवी.

२०२४ मध्ये त्यांच्या विरोधात एक उमेदवार उभा राहिला आणि लढत चुरशीची झाली, पण माझ्या प्रतीत त्या दोघांचीही निवेदने नव्हती. विभागाची रेषा आमच्या रस्त्याच्या मधून जाते. पुस्तिका मतपत्रिकेच्या प्रकारानुसार छापली जाते, त्यामुळे ज्याला त्या जागेसाठी मत नाही त्याच्या प्रतीत ते पानही नसते. माझी मुले ज्या शाळेत शिकली, त्या शाळेविषयीच्या प्रत्येक निर्णयात त्या सदस्येचे मत मोजले गेले, तरी त्या कोण आहेत हे सांगणारे पान मला पलीकडच्या फुटपाथवर राहणाऱ्या मैत्रिणीच्या पुस्तिकेत वाचावे लागले. काउंटीच्या संकेतस्थळावर सर्व निवेदने असतात हे खरे आहे, पण संकेतस्थळावर ज्याला काय शोधायचे ते आधीच माहीत असते तोच पोहोचतो.

मैत्रिणीच्या प्रतीत त्यांच्या नावाखाली आता 'विद्यमान सदस्य' असे होते. येथे कायद्यातील एक बारकावा लक्षात घेण्यासारखा आहे: लढत नसल्यामुळे निवडणुकीऐवजी नियुक्त झालेल्या सदस्याला 'नियुक्त' हा शब्द लावावा लागत नाही. रिकाम्या जागेवर नेमणूक झाली तर तो शब्द सक्तीचा, बिनविरोध आल्यास सक्तीचा नाही, आणि हा भेद कायद्याचे पुस्तक न उघडता समजणे अशक्य आहे. निवेदनात त्यांनी संतुलित अंदाजपत्रक, वाचन कार्यक्रम आणि शाळांच्या इमारतींची दुरुस्ती यांचा उल्लेख केला होता. पटसंख्या घटल्यामुळे एक प्राथमिक शाळा बंद करण्याच्या ठरावाला त्यांनी मत दिले होते, त्याचा उल्लेख नव्हता. येथे निधी मुलांच्या सरासरी हजेरीवर मिळतो, मुले कमी झाली की पैसा कमी होतो, आणि तो निर्णय घेताना त्यांच्यासमोर सोपा पर्याय नव्हता हे मी मान्य करते. तरीही दोन वर्षे सारे गाव ज्या विषयावर बोलत होते तोच विषय त्यांच्या कारकिर्दीच्या वर्णनातून गळावा, आणि प्रतिस्पर्ध्याला नियमानुसार त्याच्याकडे बोटही दाखवता येऊ नये, याचा परिणाम असा झाला की दोन्ही निवेदने वाचून संपली तरी शाळा बंद झाल्याचे वाचकाला कळले नसते. ज्या नियमामुळे ही पाने स्वच्छ राहतात, त्याच नियमामुळे ती अपुरी राहतात.

माझ्या सासूबाईंनी हे नेमके हेरले. त्या नुकत्याच नागरिक झाल्या होत्या आणि ते त्यांचे पहिले मतदान होते. आमच्या काउंटीत पुस्तिका हिंदीतही मागवता येते, मराठीत मिळत नाही, म्हणून त्यांनी हिंदी प्रत मागवली आणि आपली प्रत वाचून झाल्यावर मैत्रिणीकडून आणलेले पानही माझ्याकडून मराठीत समजावून घेतले. नंतर त्यांनी मला विचारले, "शाळा बंद केली ती हीच बाई ना? मग त्याचं काहीच कसं लिहिलं नाही इथे?" भारतात उमेदवाराला शपथपत्रात मालमत्ता, शिक्षण आणि फौजदारी खटले जाहीर करावे लागतात, हे त्यांना ठाऊक होते, त्यामुळे येथेही तसे काही असेल अशी त्यांची अपेक्षा होती. तसे येथे आहेही, फक्त ते पुस्तिकेत नाही. बोर्डाच्या उमेदवाराला आणि सदस्याला फॉर्म ७०० भरून आपले आर्थिक हितसंबंध जाहीर करावे लागतात, त्यात गुंतवणुकीचे नेमके आकडे नसतात, रकमेचे टप्पे असतात, आणि राहते घर वगळले जाते. हिंदी प्रतीविषयी बोलायचे तर भाषांतर अचूक होते, परंतु काही वाक्ये इतकी कार्यालयीन होती की सासूबाईंना दोनदा वाचावी लागली. तरीही ही सोय उपलब्ध असणे ही मोठी गोष्ट आहे आणि आपल्या घरातील ज्येष्ठांसाठी ती अवश्य मागवून घ्यावी.

ही पुस्तिका एकटी वाचू नये, असा माझा अनुभव आहे. त्या सदस्येची कारकीर्द मला खऱ्या अर्थाने तीन ठिकाणी सापडली. पहिले ठिकाण म्हणजे बोर्डाच्या सभांची इतिवृत्ते. १९५३ च्या ब्राउन कायद्यानुसार नियमित सभेची विषयपत्रिका ७२ तास आधी जाहीर करावी लागते, मतदान उघडपणे करावे लागते आणि लोकांना बोलण्याची संधी द्यावी लागते. कोणी कशाला मत दिले हे तेथे नावानिशी मिळते. विशेषतः जून महिन्यात मंजूर होणारे अंदाजपत्रक आणि डिसेंबर व मार्चमध्ये येणारे हंगामी आर्थिक अहवाल यांवरील चर्चा वाचावी, कारण सदस्याला आकडे समजतात की नाही ते तेथे उघड होते.

दुसरे ठिकाण म्हणजे प्रचारखर्चाचे अर्ज. २०१६ मध्ये त्यांनी फॉर्म ४७० भरला होता, म्हणजे वर्षभरात दोन हजार डॉलरपेक्षा कमी जमा आणि खर्च करण्याचा त्यांचा इरादा होता. २०२४ मध्ये त्यांना फॉर्म ४६० भरावा लागला, ज्यात शंभर डॉलर किंवा त्याहून अधिक देणाऱ्या प्रत्येकाचे नाव, व्यवसाय आणि तो जेथे नोकरी करतो ती संस्था यांची नोंद असते. ग्रंथालयातील स्वयंसेविका आठ वर्षांत कोणत्या लोकांच्या पाठबळावर उभी राहिली, याचे चित्र त्या तक्त्यांत कोणत्याही निवेदनापेक्षा स्पष्ट दिसले. येथे एक गोष्ट आवर्जून सांगते: २०२१ पासून राज्याने शहर आणि काउंटीच्या उमेदवारांना मिळणाऱ्या देणगीवर मर्यादा घातली, पण तेव्हा स्कूल बोर्डाच्या उमेदवारांना ती लागू केली नव्हती. म्हणून हे अर्ज वाचणे अधिकच गरजेचे आहे.

तिसरे ठिकाण पुस्तिकेतच आहे, पण ते उमेदवारांच्या पानांवर नाही. डिस्ट्रिक्टने शाळा बांधणीसाठी रोखे काढण्याचा प्रस्ताव मतदानाला ठेवला असेल, तर त्याच्या बाजूचा आणि विरोधी युक्तिवाद पुस्तिकेत छापला जातो आणि त्याखाली सह्या करणाऱ्यांची नावे असतात. २००० च्या प्रस्ताव ३९ नंतर असे रोखे ५५ टक्के मतांनी मंजूर होतात, तर जमिनीच्या तुकड्यावर लागणाऱ्या पार्सल कराला दोन तृतीयांश मते लागतात. या युक्तिवादांखालच्या सह्या पाहिल्या की कोणता सदस्य कोणाच्या शेजारी उभा आहे ते कळते. २०२० च्या माझ्या प्रतीत त्या सदस्येचे निवेदन नव्हते, हे वर सांगितलेच. त्याच निवडणुकीत रोख्यांचा प्रस्ताव असता तर त्यांची सही तरी दिसली असती. ज्या वर्षी असा प्रस्ताव असेल त्या वर्षी त्याच्याशेजारी असलेले काउंटीच्या वकिलांचे निःपक्ष विश्लेषण आणि कराच्या दराचे निवेदन अवश्य वाचावे, कारण पुस्तिकेतील सर्वांत भरवशाचा मजकूर तो आहे.

याउलट टपालातून येणाऱ्या चकचकीत 'स्लेट मेलर' पत्रकांवर विसंबू नये. त्यांवर मतदार मार्गदर्शिका अशासारखी नावे असतात, पण ज्या उमेदवारांच्या नावापुढे तारांकन असते त्यांनी तेथे येण्यासाठी पैसे मोजलेले असतात आणि तसे पत्रकावर छापणे कायद्याने बंधनकारक आहे. काउंटीची पुस्तिका आणि ही पत्रके एकाच दिवशी पेटीत पडतात आणि घाईत दोन्ही सारखीच वाटतात. वरच्या कोपऱ्यातले काउंटीचे बोधचिन्ह पाहून आधी खात्री करून घ्यावी.

ज्यांना अजून मत नाही अशा पालकांनीही ही पुस्तिका मागून वाचावी, असे मी सुचवीन. सॅन फ्रान्सिस्कोत २०१६ च्या प्रस्ताव एन नंतर नागरिक नसलेल्या पालकांनाही स्कूल बोर्डाच्या निवडणुकीत मत देता येते आणि ऑकलंड व बर्कलीत २०२४ पासून सोळा-सतरा वर्षांची मुलेही या निवडणुकीत मतदान करतात. आमच्या डिस्ट्रिक्टमध्ये या दोन्ही गोष्टी नाहीत, पण सभेत उभे राहून बोलायला नागरिकत्व लागत नाही, आणि कोणाला उद्देशून बोलायचे हे ठाऊक असल्याखेरीज त्या बोलण्याला धार येत नाही.

एकंदर सेवेविषयी माझे मत अनुकूल आहे. पुस्तिका वेळेवर येते, तिची भाषा सभ्य आहे, तिच्यात निवेदन देणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला समान जागा आणि समान नियम मिळतात, आणि मतदाराकडून तिच्यासाठी एक पैसाही घेतला जात नाही. निवेदनाचे शुल्क सार्वजनिक निधीतून भरावे, बिनविरोध आलेल्या सदस्यांची नावे छापावीत, शेजारच्या विभागांतील उमेदवारांची पाने संपूर्ण डिस्ट्रिक्टला मिळावीत आणि इतिवृत्ते व प्रचारखर्चाचे अर्ज कोठे मिळतील ते प्रत्येक पानाखाली लिहावे, एवढ्या चार सुधारणा मी निवडणूक कार्यालयाला पत्राने कळवल्या आहेत. त्यांपैकी शुल्काचा निर्णय कार्यालयाचा नसून बोर्डाचा आहे, असे मला नम्रपणे उत्तर आले, आणि ते बरोबर आहे. म्हणून तो मुद्दा मी बोर्डाच्या सभेतही मांडला आहे.

२०२४ ची लढत त्या सदस्या थोड्या मतांनी हरल्या. डिसेंबरमधल्या त्यांच्या अखेरच्या सभेला मी गेले होते. बंद झालेल्या शाळेचा उल्लेख त्यांनी तेथे स्वतःहून केला, ठरावाला मत का दिले ते पाच मिनिटे सांगितले, आणि त्या पाच मिनिटांचे इतिवृत्त मी त्यांच्या २०१६ च्या निवेदनाच्या पानात घडी करून ठेवले आहे. नोव्हेंबर २०२६ मध्ये आमच्या विभागाच्या जागेची पाळी आहे.